शंभराला न उकळलेले पाणी : सातवीच्या विज्ञानवर्गातील एका प्रयोगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर–पाचगणीच्या पठारावरील एका जिल्हा परिषद शाळेतील आहे. शाळेचे, गावाचे आणि मुलांचे नाव येथे दिलेले नाही, आणि कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना सामान्य विज्ञान शिकवते. त्या वर्षी सातवीत २६ मुले होती. बहुतेकांच्या घरी स्ट्रॉबेरीची थोडीफार शेती होती आणि काहींचे पालक हॉटेलांत किंवा पर्यटकांच्या गाड्यांवर कामाला होते. गाव समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंचीवर आहे. ही गोष्ट आम्हा सर्वांना ठाऊक होती, पण विज्ञानाच्या तासाशी तिचा काही संबंध असेल असे माझ्यासकट कोणाच्याही मनात आले नव्हते.

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे ऑफिसातले एक लोखंडी कपाट. त्यात सहा तापमाप्या, काही चंचुपात्रे, तिवया, तारेच्या जाळ्या आणि स्पिरिटचे दिवे होते. तापमाप्या लाल द्रवाच्या, उणे १० ते ११० अंशांच्या, एकेका अंशावर रेघ असलेल्या होत्या. आजवर हे साहित्य बाहेर निघे ते मी प्रयोग करून दाखवण्यासाठी. मुले भोवती उभी राहत आणि मागच्या रांगेतल्यांना माझी पाठ दिसे. त्या वर्षी मी ठरवले होते की, प्रत्येक सत्रात निदान चार प्रयोग मुलांनी स्वतःच्या हाताने करायचे.

हा निर्णय आदल्या वर्षीच्या एका अनुभवातून आला होता. उत्कलनांकाची व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या वर्गाला मी विचारले होते की, पाणी उकळू लागल्यावर आणखी दहा मिनिटे जाळ चालू ठेवला तर त्याचे तापमान किती होईल. जवळजवळ सगळ्यांनी ते वाढत जाईल असे सांगितले. व्याख्या पाठ होती, पण उकळताना तापमान एका जागी थांबते ही त्या व्याख्येतली मुख्य गोष्ट कोणीच पाहिलेली नव्हती. म्हणून सातवीसाठी मी साधा प्रयोग आखला. सहा गटांनी २०० मिलिलिटर पाणी तापवायचे, दर मिनिटाला तापमान लिहायचे आणि त्याचा आलेख काढायचा. आलेखाची रेघ चढत जाऊन आडवी होते हे मुलांनी स्वतः पाहावे एवढाच हेतू होता. दोन तासिका पुरतील असा माझा अंदाज होता.

प्रयोगाच्या दिवशी काय घडले

दिवाळीच्या सुट्टीनंतरचे, थंडीचे दिवस होते. वाऱ्याने दिवे विझू नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या, पाण्याने भरलेली बादली आणि ओले पोते दाराशी ठेवले होते, मुलींनी ओढण्या बांधून घेतल्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तरीही मी ती तशीच चालू दिली: सहापैकी पाच गटांत दिवा, तिवई आणि तापमापी मुलांच्या ताब्यात होती आणि वही मुलींच्या.

पाणी उकळू लागले. फळ्यावर मी प्रत्येक गटासाठी एक रकाना आखला होता. पहिल्या गटाने ९५ सांगितले, दुसऱ्याने ९४.५, तिसऱ्याने ९६. चौथ्या गटाचा आकडा ९७ आला, पण त्यांच्या तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकलेला होता. सहाव्या गटाने ९५ आणि ९६ च्या मध्ये असे सांगितले. पाचव्या गटाने १०० असे लिहिले.

मी पाचव्या गटापाशी गेले. तापमापीतला लाल द्रव ९५ च्या रेघेच्या किंचित वर स्थिर उभा होता. वहीत मात्र पहिल्या मिनिटापासूनचे आकडे नीट चढत गेलेले, आणि शेवटचे तीन आकडे ९८, ९९, १०० असे होते. वही लिहिणारी मुलगी वर्गातली सर्वांत टापटीप मुलगी होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “बाई, पुस्तकात शंभर आहे. आमची तापमापी कमी दाखवते.”

समस्या

समस्या तापमानाच्या आकड्याची होती असे त्या क्षणी मला वाटले. नंतर विचार करता ती तीन पदरी होती.

पहिला पदर माझ्या तयारीचा. हा प्रयोग मी या गावात स्वतः कधी करून पाहिला नव्हता. वर्षानुवर्षे प्रात्यक्षिक दाखवताना मी पाण्याला उकळी आली की “बघा, शंभर अंश” असे म्हणून पुढे जात असे, आणि मागे उभ्या असलेल्या मुलांना तापमापी वाचता येत नसल्यामुळे माझे म्हणणे कोणी पडताळलेही नव्हते. उंचीवर उत्कलनांक कमी होतो हे मला पदवीच्या अभ्यासक्रमापासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि फळ्यावरचे सहा आकडे समोर असताना ते आठवणे यांत अंतर असते, आणि त्या दिवशी ते आठवायला मला मिनिटभर लागले.

दुसरा पदर मुलांच्या मनातल्या पुस्तकाच्या स्थानाचा. पाचव्या गटाने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. पुस्तक बरोबर असते आणि आपले हात चुकतात, हे त्यांना सात वर्षे शिकवले गेले होते. त्या शिकवणीला धरूनच त्यांनी नोंद दुरुस्त केली. बाकीच्या गटांनी खरे आकडे लिहिले होते, पण त्यांचीही समजूत हीच होती की प्रयोग फसला.

तिसरा पदर वेळेचा आणि परीक्षेचा. संकलित मूल्यमापनाला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, पाच आठवडे उरले होते, ध्वनीचा पाठ सुरू व्हायचा होता, आणि रिकाम्या जागेत १०० लिहिणाऱ्यालाच गुण मिळणार होता.

विचारात घेतलेले पर्याय

तास संपायला बारा मिनिटे उरली होती आणि त्या वेळात माझ्यासमोर चार वाटा होत्या.

सर्वांत सोपी वाट म्हणजे तापमाप्या जुन्या आहेत असे सांगून आलेखाच्या आडव्या रेघेकडे लक्ष वळवणे. प्रयोगाचा मूळ हेतू साधला असता, कारण पाचवा सोडून बाकीच्या पाचही गटांत रेघ आडवी झालीच होती. पण तापमाप्यांत दोष आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक नाही ते कारण म्हणून मुलांना सांगणे मला योग्य वाटले नाही.

दुसरी वाट म्हणजे तिथल्या तिथे खरे कारण सांगून टाकणे: आपण उंचावर राहतो, येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. हे खरे होते आणि दोन मिनिटांत झाले असते. मात्र मुलांच्या दृष्टीने ते पुस्तकातल्या एका वाक्याच्या जागी बाईंचे दुसरे वाक्य ठरले असते.

तिसरी वाट प्रयोग पुन्हा काळजीपूर्वक करण्याची होती. ती अर्धवट होती, कारण कितीही काळजी घेतली तरी आकडा तोच येणार होता.

चौथी वाट म्हणजे कारण न सांगता प्रश्न फळ्यावर ठेवणे आणि चूक नेमकी कोणाची हे मुलांनीच शोधावे यासाठी तासिका देणे. किती तासिका लागतील हे मला सांगता येत नव्हते. मी हीच वाट निवडली, आणि ती निवडताना मुख्याध्यापकांना विचारले नाही, ही गोष्ट पुढे अडचणीची ठरली.

फळ्यावर मी लिहिले: “चूक कोठे असू शकते?” मुलांनी सांगितलेली कारणे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली. तापमापी खराब आहे. जाळ कमी पडला. पाणी पूर्ण उकळले नव्हते. आपल्या पाण्यात काहीतरी मिसळलेले आहे. बाहेर थंडी आहे म्हणून. शेवटचे कारण एका मुलाने हळूच सांगितले: पुस्तकच चुकले असेल. त्यावर वर्ग हसला, पण मी तेही यादीत घेतले.

केलेली कृती

पहिली तपासणी तापमाप्यांची झाली. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या वडिलांनी हॉटेलातून डबाभर बर्फ पाठवला. ठेचलेल्या, पाझरणाऱ्या बर्फात सहाही तापमाप्या पाच-पाच मिनिटे धरल्या. बर्फ वितळण्याचे तापमान हवेच्या दाबाने नगण्यच बदलते, त्यामुळे पठारावरही ते शून्यच असायला हवे. चार तापमाप्यांनी शून्य दाखवले, एकीने एक आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तापमापीने अर्धा अंश. मुलांनी प्रत्येक तापमापीच्या वरच्या टोकाला चिकटपट्टी लावून क्रमांक आणि तिची चूक लिहिली. तापमाप्यांत चूक आहे, पण पाच अंशांची नाही, आणि जी आहे ती आकडा वाढवणारी आहे, हे त्यांनी स्वतः वहीत मांडले. एका टोकाला बरोबर असलेली तापमापी दुसऱ्या टोकालाही बरोबर असेलच असे नाही, ही शंका मी बोलून दाखवली आणि तशीच ठेवली.

जाळाची तपासणी सर्वांत परिणामकारक ठरली. एका भांड्याखाली दोन दिवे ठेवले. पाणी जोराने खळखळू लागले, वाफ दुपटीने निघाली, आणि लाल रेघ जागची हलली नाही. आदल्या वर्षी जे मला व्याख्येतून शिकवता आले नव्हते ते येथे ओघात आले. मोठ्या उष्णतेने पाणी लवकर आटते, अधिक तापत नाही. मिसळलेल्या पदार्थाची तपासणी मिठाने केली. दोन चमचे मीठ टाकल्यावर उकळत्या पाण्याचा आकडा सुमारे एक अंशाने वाढला. म्हणजे आमच्या पाण्यात क्षार असते तर आकडा वर गेला असता. खाली येण्याचे ते कारण असू शकत नव्हते. हा तर्क वर्गातल्या निम्म्या मुलांना लगेच पटला आणि उरलेल्यांना दुसऱ्यांदा सांगावा लागला.

याच सुमारास शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंनी एक महत्त्वाची भर घातली. मुले बर्फ आणि दिवे घेऊन काय करत आहेत हे त्या दारातून पाहत होत्या. त्यांनी सांगितले की, त्यांचे माहेर वाईजवळ आहे आणि तेथे उघड्या पातेल्यात तूरडाळ जितक्या वेळात गळते तितक्या वेळात ती येथे कधीच गळत नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांना त्यावरून बोलणी खावी लागली होती. ज्या माहितीसाठी मी पुस्तकात शोध घेतला असता ती माहिती शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षे होती, आणि तिला विज्ञानाच्या तासात बोलावण्याचे मला सुचले नव्हते. काकूंच्या सांगण्यावरून एका मुलीने विचारले की, मग वाईला पाणी किती अंशांना उकळते?

येथे दुसरा मोठा निर्णय घ्यावा लागला. वर्गाला वाईला नेण्यासाठी परवानगी, वाहन आणि पालकांची संमतिपत्रे लागली असती. परीक्षेच्या तोंडावर ते शक्य नव्हते. म्हणून प्रथम मी महाडजवळच्या एका शाळेतील ओळखीच्या शिक्षकांना फोन केला आणि त्यांनी त्यांच्या तापमापीने मोजून ९८ असे कळवले. समुद्रसपाटीला लागून असलेल्या गावात ९८! वर्ग गोंधळला, आणि तो गोंधळ माझ्या घाईमुळे झाला होता. त्यांची तापमापी आम्ही बर्फात तपासलेली नव्हती. तुलना करायची तर तापमापी तीच हवी, ही सूचना एका मुलाकडून आली, तीही त्याच्या घरच्या व्यवहारातून: स्ट्रॉबेरीचे वजन दोन वेगवेगळ्या काट्यांवर केले की व्यापाऱ्याशी वाद होतो.

मग तिसऱ्या क्रमांकाची तापमापी प्रवासाला निघाली. एका मुलीचे वडील दर आठवड्याला पिकअप घेऊन वाईला जात. तापमापी कापडात गुंडाळून पाइपच्या तुकड्यात बसवली आणि ती मुलगी शनिवारी वडिलांबरोबर पसरणी घाट उतरून मावशीकडे गेली. मावशीच्या गॅसवर तिने तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा ९८ च्या रेघेजवळ आकडा आला. वाई साधारण ७०० मीटरवर आहे. पुढच्या रविवारी मी स्वतः तीच तापमापी घेऊन आंबेनळी घाटाने खाली उतरले आणि महाडजवळच्या त्या शिक्षकांच्या घरी मोजले. द्रव १०० आणि १०१ च्या मध्ये थांबला. अर्ध्या अंशाची चूक वजा केल्यावर आमच्या फळ्यावर तीन आकडे आले: शाळेत ९५.५, वाईला ९७.५ आणि महाडजवळ जवळपास १००. तापमापीच्या वरच्या टोकाविषयीची शंकाही त्यामुळे बरीचशी मिटली.

आकडे उंचीबरोबर चढत-उतरत आहेत हे आता सर्वांना दिसत होते, पण उंची पाण्याला काय करते? एका मुलाने सांगितले की, दुकानात येणारी वेफर्सची पाकिटे खालून येताना सपाट असतात आणि वर येईपर्यंत फुगतात. दुसऱ्याने घाटात कानांना दडे बसतात हे सांगितले. मी आनंदाच्या भरात लगेच “हवेचा दाब” असे म्हणून टाकले. तो शब्द आला आणि वर्गातली चर्चा थांबली. मुलांना उत्तर मिळाले होते.

दाबाचा परिणाम डोळ्यांनी दाखवण्यासाठी सुई नसलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंजा वापरल्या. साधारण ६५ अंशांचे पाणी मी स्वतः थोडे थोडे भरून दिले, आतली हवा काढून टाकली आणि तोंड टोपणाने बंद केले. मुलांनी दट्ट्या मागे ओढताच आतले पाणी खळखळून उकळले. एका मुलाने आक्षेप घेतला की, हे बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतील. आक्षेप योग्य होता. पहिल्या ओढीत सुटलेली हवा बाहेर काढून आम्ही पुन्हा ओढले, आणि जोडीला थंड पाण्याची सिरिंज घेतली. थंड पाण्यात तुरळक बुडबुडे आले, गरम पाण्यात दुसऱ्यांदाही उकळी आली.

शेवटच्या तासिकेत मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, स्वीडनच्या अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ मध्ये आपली तापमानश्रेणी मांडली तेव्हाच पाण्याचा उत्कलनांक हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो हे नोंदले होते. म्हणजे उत्कलनांकाच्या आकड्याला सुरुवातीपासून अट जोडलेली आहे. दुसरी गोष्ट नैनसिंग रावत यांची. १८६५-६६ मध्ये ते वेश पालटून तिबेटातून ल्हासापर्यंत गेले, पावले मोजण्यासाठी १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ वापरली, आणि वाटेतल्या ठिकाणांची उंची पाणी उकळून तापमापीने काढली. सुमारे ३०० मीटर चढल्यावर उत्कलनांक एका अंशाने उतरतो एवढे सांगून मी मुलांना आपल्या गावाची उंची काढायला लावली. साडेचार गुणिले तीनशे म्हणजे साडेतेराशे. ग्रामपंचायतीच्या फलकावरच्या उंचीच्या इतक्या जवळ हा आकडा आला की मुले मधल्या सुट्टीत फलक पाहायला धावली. ल्हासा साधारण ३६५० मीटरवर असल्याचे सांगितल्यावर तेथे पाणी किती अंशांना उकळेल हे कोणी न सांगता वहीत मांडले गेले: ८८.

परीक्षेचा पेच

दोन तासिकांचा प्रयोग नऊ तासिका चालला. सहाव्या तासिकेनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावले. त्यांची तक्रार रास्त होती: वेळापत्रक सर्व विषयांचे असते आणि मी ते परस्पर बदलले होते. त्याच आठवड्यात एका मुलाचे वडील भेटायला आले. पुढच्या वर्षी आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तेथे चार पर्यायांत ९५.५ नसेल, मग मुलाने काय लिहायचे, असे त्यांनी विचारले. मुलाला ज्या परीक्षेतून पुढची वाट मिळणार आहे तिची काळजी वडिलांनी करायची नाही तर कोणी करायची?

मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हा पेच मुळातून सोडवला होता. तेथे प्रयोगाबरोबर परीक्षाही बदलली होती आणि मुलांना पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा होती. एका शाळेतल्या एका शिक्षिकेला ते शक्य नाही. माझ्या हातात आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे सत्रभराच्या वर्गातल्या कामाचे, गुण होते. ते मी आकड्याला न देता नोंदींना आणि कारणमीमांसेला दिले. संकलित परीक्षेसाठी वर्गात चर्चा करून आम्ही ठरवले की, प्रश्नात ठिकाण दिलेले नसेल तर तो समुद्रसपाटीच्या दाबाविषयी आहे असे समजून १०० लिहायचे. एका मुलाला हे खोटे वाटले आणि त्याने तसे सांगितलेही. मी त्याला समजावले की, प्रश्नातली न लिहिलेली अट ओळखून उत्तर देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. त्याने उत्तरपत्रिकेत १०० लिहून बाजूला बारीक अक्षरात “आमच्या गावात ९५.५” असे लिहिले.

निष्पत्ती

सत्राच्या शेवटी मी आदल्या वर्षीचाच प्रश्न विचारला: उकळणाऱ्या पाण्याखाली आणखी दहा मिनिटे जाळ ठेवला तर तापमानाचे काय होईल? २६ पैकी १९ मुलांनी ते तेवढेच राहील असे लिहिले. सात मुलांनी अजूनही वाढेल असे लिहिले, आणि त्यांपैकी दोघांनी स्वतःच्या हाताने दोन दिव्यांचा प्रयोग केला होता. हाताने केले म्हणजे समजलेच असे नाही, हे मला त्या सात उत्तरपत्रिकांनी दाखवले. त्या मुलांशी बोलल्यावर कळले की, त्यांच्या लक्षात जोराची खळखळ राहिली होती. तापमापीकडे त्या वेळी दुसरे कोणी पाहत होते.

नोंदी घेण्याच्या पद्धतीत मात्र स्पष्ट फरक पडला. पुढच्या प्रयोगांत मुले आकड्याशेजारी तापमापीचा क्रमांक आपणहून लिहू लागली, आणि वेगळा आलेला आकडा खोडण्याऐवजी त्याभोवती वर्तुळ करून “पुन्हा पाहणे” असे लिहू लागली. या सगळ्याची किंमत ध्वनीच्या पाठाने मोजली. तो मी फळ्यावर आणि तोंडी, चार तासिकांत उरकला.

वेगळे काय करता आले असते

प्रयोग वर्गात नेण्याआधी त्याच गावात, त्याच साहित्याने स्वतः करून पाहायला हवा होता. आकडा आधी कळला असता तर मी तो मुलांना सांगितला नसता, पण वेळेचे नियोजन केले असते, मुख्याध्यापकांशी आधी बोलले असते आणि बर्फ पहिल्याच दिवशी आणला असता. पाठ आधी आणि प्रयोग नंतर हा क्रमही उलटा हवा होता. शंभराचा आकडा वाचून आलेल्या मुलांना मी मोजायला सांगितले आणि मग काहींनी तोच आकडा मोजला याचे नवल केले.

हवेच्या दाबाचे नाव घेण्याची घाई ही माझी दुसरी चूक. वेफर्सचे पाकीट आणि कानांचे दडे या दोन्ही गोष्टी मुलांनीच आणल्या होत्या. त्यांना एकमेकींशी जोडण्याचे काम आणखी एक तासिका त्यांच्याकडे राहू द्यायला हवे होते. महाडचा आकडा मी एकटीने आणला, तोही वर्गासाठी तितकासा मोलाचा ठरला नाही. वाईला गेलेल्या मुलीचे तीन आकडे मुले आजही सांगतात. महाडचा आकडा विचारल्यावर “बाईंनी आणलेला” असे म्हणतात.

गटांतली कामे दर पाच मिनिटांनी फिरवायला हवी होती. दिवा मुलांकडे आणि वही मुलींकडे हे पाहूनही मी थांबले नाही, कारण काम सुरळीत चालले होते. सात चुकलेल्या उत्तरांपैकी पाच वही धरणाऱ्यांची होती, हे नंतर जुळवून पाहिल्यावर लक्षात आले.

सर्वांत जास्त खंत मला पाचव्या गटाची आहे. त्या दिवशी तापमापी ९५ दाखवत असताना वहीत १०० का लिहिले, हे मी वर्गासमोर विचारले. माझा सूर रागाचा नव्हता, तरीही सगळ्या माना त्या मुलीकडे वळल्या. पुढचे चार दिवस ती तासाला एक शब्द बोलली नाही. तिने जे केले ते या वर्गातल्या सर्वांत आज्ञाधारक मुलीने करावे असेच होते, आणि ती आज्ञा आम्हा शिक्षकांची होती. हा प्रश्न मी तिच्या गटापाशी बसून, हळू आवाजात विचारायला हवा होता, किंवा सहाही वह्या गोळा करून नावे न घेता आकडे फळ्यावर मांडायला हवे होते. सिरिंजच्या तासाला मी दट्ट्या प्रथम तिच्या हातात दिला. पाणी उकळताना पाहून ती हसली, पण तेवढ्याने माझी चूक भरून निघाली असे मी मानत नाही.

जूनमध्ये आठवीत आल्यावर तिने मला एक प्रश्न विचारला. पावसाळ्यात बातम्यांमध्ये कमी दाबाचा पट्टा म्हणतात, तर जोराच्या पावसाच्या दिवशी आपल्या शाळेत पाणी ९५.५ च्या खाली उकळते का? उकळत असणार, पण तो फरक एका अंशाच्या काही दशांशांइतकाच असेल आणि आमच्या तापमाप्यांवर एकेका अंशाची रेघ आहे. दशांश अंश दाखवणाऱ्या एका तापमापीची मागणी मी साहित्याच्या यादीत घातली आहे. तोपर्यंत ती तिसऱ्या क्रमांकाच्या तापमापीनेच दर सोमवारी मोजते, आणि दोन रेघांमधला अंदाज घेताना डोळा द्रवाच्या समपातळीत यावा म्हणून तापमापीखाली दोन वह्या ठेवते.